वाचकांचे प्रश्न : कॅस्पियनमध्ये इराणचं कुठं अडतंय?

प्रश्न : पोरगा यूपीएससी करतोय, म्हणतो कॅस्पियनमध्ये इराणची लई अडचण हाय. किनारा हाय की त्यांचा, मग अडतंय कुठं? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : किनारा हाय हो, पण चारी बाजूंनी जमिनीनं वेढलेल्या या समुद्राची वाटणीच पुरती झाली नाही! सामायिक विहिरीचे दोघांचे पाच वाटेकरी झाले की आपल्याकडं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. 1921 अन् 1940 चे करार इराण आणि सोव्हिएत रशिया (पुढचं सोव्हिएत युनियन) दोघांतच होते, 1991 ला युनियन फुटलं अन् रशियासोबत अझरबैजान, कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान येऊन बसले. इराण म्हणतो सारखा हिस्सा, म्हणजे 20 टक्के द्या, मध्यरेषेनं, म्हणजे समोरासमोरच्या किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरच्या रेषेनं मोजलं तर बरंच कमी येतं, आणि उत्तरेकडच्या रशिया, कझाकस्तान, अझरबैजान या तिघांनी समुद्राचा तळ आपसात वाटूनही घेतला. 2001 मध्ये तर अझरबैजानसाठी तेल शोधणाऱ्या जहाजाला इराणी युद्धनौकेनं परत लावलं. 2018 ला कझाकस्तानातल्या अक्ताऊ शहरात पाचांनी सह्या केल्या, किनाऱ्यापासून 15 सागरी मैल पाणी ज्याचं त्याचं ठरलं, पण दक्षिणेकडचा तळ तसाच राहिला. मला विचाराल तर सगळ्यात मोठी अडचण वाटेची, जहाज खुल्या समुद्रात काढायचं तर रशियाच्या व्होल्गा नदीतूनच जावं लागतं.