चिनी कायद्याच्या एलएलएमला पैसे भरण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. प्रश्न एका ओळीचा आहे: चिनी व्यापार कायद्यातला ऑनलाइन एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करावा का? बाकी सगळी मेल तू स्वतःचीच समजूत घालण्यात खर्ची घातली आहेस. माझं उत्तर 'कर' असं आहे. फक्त या पदवीने काय होणार नाही ते आधी ऐकून घे, म्हणजे नंतर मला दोष द्यायला नको.

ही पदवी घेऊन तुला चीनमध्ये वकिली करता येणार नाही. तिथली वकिलीची राष्ट्रीय परीक्षा परदेशी नागरिकांना देताच येत नाही. बड्या परदेशी लॉ फर्म्सची बीजिंग-शांघायला कार्यालयं आहेत, पण चिनी कायद्याच्या प्रश्नावर चिनी कोर्टात उभं राहणं त्यांनाही बंद आहे. इकडे भारतात लॉ कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर आणखी जपून. परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची धरतात का हा वेगळाच प्रश्न आहे, आणि ऑनलाइन पदवी तशी धरतीलच असं गृहीत धरू नकोस. प्राध्यापकीसाठी करत असशील तर पैसे बँकेत ठेव.

मग उरतं काय? उरतं ते बरंच आहे. चाकण, भोसरी, वाळूजच्या कितीतरी कारखान्यांत चिनी यंत्रं आहेत, औषध कंपन्यांचा कच्चा माल तिकडून येतो, आणि या सगळ्या व्यवहारांचे करारनामे बहुतेक वेळा समोरच्याने पाठवलेल्या मसुद्यावर डोळे झाकून सही करून होतात. चिनी वकील पैसे टाकले की मिळतो. त्याला नेमकं काय विचारायचं आणि कधी विचारायचं, हे जाणणारा माणूस आपल्याकडे मिळत नाही. तो माणूस तू व्हायचंस.

म्हणून अभ्यासाला बसताना समोर एखादा खरा करार ठेव. सध्या जिथे काम करतेस तिथल्या जुन्या फायली माग, नावं झाकून देतील. पहिलं काम शिक्का बघण्याचं. चिनी कंपनीचा अधिकृत शिक्का लाल, गोल, मध्ये तारा आणि कडेने कंपनीचं पूर्ण चिनी नाव. कायद्याच्या लेखी कंपनीचं नाव ते चिनी नाव. इंग्रजी नाव विक्री विभागाने आपल्या सोयीने ठेवलेलं असतं. आता करारावर शिक्का निळा आणि इंग्रजी अक्षरांचा असेल, खाली हाँगकाँगचा पत्ता असेल आणि आगाऊ रक्कम तिसऱ्याच नावाच्या खात्यात मागितली असेल, तर चीनमधल्या निंगबोचा जो कारखाना माल बनवतो तो त्या करारात पक्षकारच नाही अशी दाट शक्यता. माल खराब निघाला तर दावा कोणावर लावणार? व्यवसाय परवान्यावरचा अठरा अंक-अक्षरांचा क्रमांक घ्यायचा, चीन सरकारच्या कंपनी-नोंदणीच्या संकेतस्थळावर टाकायचा, नाव जुळतं का ते बघायचं. चहा गार होण्याआधी होणारं काम आहे, पण करत कोणी नाही.

त्यातही खोच आहे. शिक्का असला म्हणजे सगळं झालं असं पूर्वी समजत. 2019 च्या नोव्हेंबरात तिथल्या सर्वोच्च जन न्यायालयाने आपल्या इतिवृत्तात लिहिलं की शिक्का खरा की खोटा यापेक्षा शिक्का मारणाऱ्याला त्या वेळी कंपनीच्या वतीने करार करण्याचा अधिकार होता का, हे आधी तपासा. म्हणून सही कोणाची, तो कंपनीचा नोंदलेला कायदेशीर प्रतिनिधी आहे का आणि नसेल तर अधिकारपत्र कुठे, हेही विचारायचं.

त्याच परवान्यावर नोंदणीकृत भांडवल असतं. एक कोटी युआन वाचून आपला शेठ खूश होतो. पण 2014 पासून बहुतेक कंपन्यांना ते भांडवल अमुक मुदतीत भरण्याची सक्तीच नव्हती, आकडा कागदावर राहिला तरी चालायचं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या सुधारित कंपनी कायद्याने मर्यादित दायित्वाच्या नव्या कंपनीला पाच वर्षांची मुदत घातली, जुन्यांना जुळवून घ्यायला 30 जून 2027 पर्यंत वेळ दिला. तेव्हा आकड्यावर जाऊ नकोस, त्यातले भरले किती ते विचार.

आता तुझ्या अभ्यासाच्या सवयीबद्दल. आपण निवाड्यांवर वाढलेली माणसं. प्रश्न आला की आधी निकाल शोधतो. तिकडे आधी संहिता उघडायची. 1 जानेवारी 2021 पासून लागू झालेल्या नागरी संहितेची 1260 कलमं आहेत आणि तिसरा भाग पूर्ण करारांचा आहे. मग सर्वोच्च जन न्यायालयाचे अर्थनिर्णय, जे जवळजवळ कायद्यासारखेच चालतात. मार्गदर्शक खटले त्याच्यानंतर. माझा सल्ला, संहिता आपल्या 1872 च्या करार कायद्याशेजारी ठेवून वाच. आपल्याकडे प्रतिफलाशिवाय, म्हणजे वचनाच्या बदल्यात काही मिळाल्याशिवाय, करार, थोडे अपवाद सोडले तर, रद्दबातल. तिकडे प्रतिफल ही अटच नाही. वाटाघाटीत अप्रामाणिकपणे वागून समोरच्याचं नुकसान केलं तर करार झालेला नसतानाही कलम 500 खाली भरपाई द्यावी लागू शकते. आणि दंडाची रक्कम ठरवून ठेवली तरी कलम 585 नुसार ती फार जास्त वाटली तर कोर्ट कमी करतं; प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा तीस टक्क्यांहून जास्त असेल तर सहसा 'फार जास्त' धरतात. ठरवून ठेवलेल्या दंडाबद्दलचं आपल्या करार कायद्यातलं कलम 74 आठवतंय ना? इथे तुलना करायला मजा येते, परीक्षेतही गुण देते.

वादाचं कलम मात्र पाठच कर. चिनी कोर्टाचा हुकूमनामा भारतात थेट बजावता येत नाही, आपलाही तिकडे नाही. लवादाचा निवाडा मात्र चालतो: परदेशी लवादाचे निवाडे मानण्याच्या न्यूयॉर्क करारात चीन 1987 पासून आहे आणि 2012 मध्ये भारत सरकारने चीनला त्यासाठी अधिसूचित केलं. म्हणून आंतरराष्ट्रीय करारांत बीजिंगची सिएटॅक, सिंगापूर किंवा हाँगकाँगची लवाद संस्था ही नावं सारखी दिसतात. चीनचा 1994 चा लवाद कायदा फार काटेकोर होता. करारात लवाद संस्थेचं नाव नीट नसेल आणि पक्षकारांनी नंतरही ठरवलं नाही, तर कलमच निरर्थक. सप्टेंबर 2025 मध्ये तो कायदा सुधारला आणि 1 मार्च 2026 पासून नवा लागू झाला. मालविक्रीबद्दल देशादेशांत झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराचंही एक लक्षात ठेव: चीन त्यात आहे, भारत नाही आणि चीनने त्याच्या कलम 95 चं आरक्षण ठेवलं आहे, म्हणजे दोन्ही बाजूंचे देश त्यात असतील तरच तो लागू, त्यामुळे आपल्या माणसाच्या करारावर तो आपोआप बसत नाही.

यावरून अभ्यासक्रम निवडायची माझी कसोटी कळली असेल. विद्यापीठाला विचार, 2023 मध्ये सुधारलेला कंपनी कायदा आणि 2025 चा लवाद कायदा शिकवता का? '2019 चा परकीय गुंतवणूक कायदा शिकवतो' एवढंच अभिमानाने सांगितलं तर नोट्सवर धूळ बसली आहे. शिक्षक प्रत्यक्ष तासाला येतात की रेकॉर्ड केलेले व्हिडिओ? आणि प्रबंध असेल तर विषय तू ठरवू शकतेस का? ठरवता येत असेल तर माझ्या डोक्यात एक विषय आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ग्रेट वॉल मोटर्स विकत घेणार असं जानेवारी 2020 मध्ये जाहीर झालं, एप्रिलमध्ये केंद्राची प्रेस नोट 3 आली, शेजारी देशांच्या गुंतवणुकीला आधी सरकारची परवानगी लागू झाली, परवानगी मिळाली नाही आणि 2022 मध्ये व्यवहार बारगळला. पुढे तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. चिनी कंपनीचा करार इतका जवळून बघायला मिळणारी गोष्ट तुझ्या घरापासून तासाभरावर आहे, आणि दोन्हीकडचा कायदा त्यात लागतो.

चिनी भाषा? शिकायला सुरुवात कर, पण बोलण्याच्या मागे लागू नकोस. परवाना, शिक्का, कराराची मथळ्याची ओळ एवढं ओळखता आलं तरी पहिलं वर्ष वसूल. अभ्यासक्रमाची माहिती आणि फीचा तक्ता पाठव, रविवारी बघतो. हप्ते किती आहेत तेही लिही; एकरकमी भरायला सांगत असतील तर घाई करू नकोस.

कळावे,
तुझा सर