साठ हजारांचं बिल, चोपन्न हजारांची जमा

नाशिक

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

इंजिनिअरची पक्की नोकरी सोडून तू अंबड-सातपूरच्या कारखान्यांना जिग-फिक्श्चरची, म्हणजे यंत्रावर काम करताना सुटा भाग पकडून ठेवणाऱ्या साधनांची, ड्रॉइंग स्वतंत्रपणे करून देऊ लागलास, याचा मनापासून आनंद झाला. आता हिशेबाची घडी पहिल्या बिलापासूनच बसव. मार्चमध्ये बसवू म्हटलं तर ती बसत नाही.

बिलाचंच घे. ६०,००० चं बिल दिलंस आणि खात्यावर ५४,००० आले. उरलेले ६,००० कंपनीने १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, म्हणून कापून तुझ्या पॅनवर भरले. एका कंपनीकडून वर्षात ५०,००० च्या वर फी गेली की हा कापावाच लागतो. वहीत जमा लिहायची ती ६०,००० च, टीडीएसचा रकाना वेगळा. नवखा माणूस इथेच चुकतो. तो बँकेत आलेली रक्कम उत्पन्न म्हणून दाखवतो, पण आयकर खात्याच्या एआयएसमध्ये, म्हणजे तुझ्या पॅनवरच्या व्यवहारांच्या वार्षिक ऑनलाइन तपशिलात, पूर्ण बिल दिसत असतं, मग तफावतीची नोटीस येते. याच्या उलटही होतं. कंपनीने पॅनचा एक अंक चुकवला किंवा टीडीएसचं तिमाही विवरणपत्र भरलंच नाही, तर कापलेले पैसे तुझ्या नावावर दिसतच नाहीत. म्हणून दर तिमाहीचं विवरणपत्र भरून झालं की एआयएस उघड आणि वहीशी ताडून बघ. चूक लवकर सापडली तर अकाउंट्सवाल्यांना एक मेल पुरतो.

इंजिनिअरिंगच्या व्यवसायाला अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल तर निदान निम्मी रक्कम नफा धरून रिटर्नचा सोपा ‘सुगम’ फॉर्म भरता येतो. रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर हीच मर्यादा ७५ लाख. खरा नफा निम्म्याहून जास्त असेल तर तोच दाखव. समज, जमा १६ लाख आणि नफा ८ लाख. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत सवलत असल्याने कर शून्य. पण सगळ्या बिलांवर टीडीएस कापला असेल तर तुझे १,६०,००० सरकारकडे आहेत आणि ते रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाहीत. कर नाही म्हणून रिटर्न न भरणं म्हणजे या पैशांवर पाणी सोडणं. नोकरीत मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट मात्र आता विसर, ती पगार किंवा पेन्शनवरच मिळते. टीडीएस वजा जाता कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत तो सगळा १५ मार्चपर्यंत भर, नाहीतर व्याज लागतं.

जीएसटीची २० लाखांची मर्यादा एकूण उलाढालीवर मोजतात, नफ्यावर नाही. ती ओलांडली की ३० दिवसांत नोंदणी. नोंदणीआधी बिलात जीएसटी लावायचा नाही, पण कोटेशनमध्ये ‘जीएसटी लागू झाल्यास वेगळा’ ही ओळ आजपासूनच टाक. ती नसेल तर १८ टक्के तुझ्या मजुरीतून जातील. ही ओळ घालायला संकोच नको, कारण नोंदणी असलेल्या कारखान्याला त्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो त्याच्या स्वतःच्या जीएसटीतून वळता होतो.

राज्य सरकारचा व्यवसाय कर नोकरीत पगारातून कापला जायचा. आता स्वतः नाव नोंदवून वर्षाला २,५०० भरायचे, ३० जूनच्या आत.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, याच आठवड्यात कर. आधार-पॅनवर ऑनलाइन होते, फी नाही. कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस. तो नंबर प्रत्येक बिलावर छाप. ही नोंदणी असली की, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत कंपनीने तुझे पैसे द्यायला हवेत. मुदत टळली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तिला करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे थकलेल्या बिलांची यादी फेब्रुवारीअखेर त्यांच्या अकाउंटंटकडे पाठव. मार्चमध्ये तोच पैसे सोडायची घाई करेल.

कळावे.