बंबाचा दिवा नंतर, आधी पॉलिसी परत

प्रश्न: आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली आहे. पुढच्या महिन्यात खोली रिकामी करून तीन वर्षं भाड्याच्या घरात राहायचं आहे. सासूबाईंच्या (वय ७४) जुन्या वस्तू आहेत: तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, दोन हंडे, सागवानी फडताळ आणि पत्र्याची मोठी ट्रंक. बंबाचा लॅम्प, घंगाळावर काच टाकून टीपॉय, फडताळाचं क्रोकरी युनिट आणि ट्रंकेचं बसायचं स्टोरेज करायला डेकोरेटरने २,४०,००० रुपये सांगितले. करून घ्यावं, की अँटिक म्हणून विकावं? नेटवर असाच बंब ४५,००० ला आहे. आमच्या बंबावर तर 'वसईच्या मामांकडून, १९६८' असं कोरलेलंही आहे. पैशाची अडचण नाही. सासूबाईंना बिल्डरकडून १२ लाख कॉर्पस (एकरकमी रक्कम) मिळाला, तो बँकेतल्या ओळखीच्या मुलाच्या सांगण्यावरून गॅरंटीड प्लॅनला लावला. वर्षाला ४ लाख, पाच वर्षं. विसाव्या वर्षाच्या शेवटी ४० लाख. सासूबाईंचं वय बसत नव्हतं म्हणून पॉलिसी मिस्टरांच्या नावे काढली. कागदपत्रं गेल्याच आठवड्यात आली.

उत्तर: ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि आधी तुम्हाला मेल केला. उत्तर इथे यायची वाट बघण्याइतका वेळ नव्हता.

चार लाख गुणिले पाच, वीस लाख झाले. तुमच्याकडे आहेत बारा. म्हणजे तिसऱ्या हप्त्याला सासूबाईंचे पैसे संपले, आणि उरलेले आठ लाख मिस्टरांच्या पगारातून जाणार. हे त्या मुलाने सांगितलं होतं का? आता वीसचे चाळीस, म्हणजे 'दुप्पट' बघू. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा सोळा, सरासरी अठरा. पैसे दुप्पट व्हायला किती टक्के व्याज लागलं, याचा ढोबळ हिशोब म्हणजे ७२ ला वर्षांनी भागायचं. ७२ ला १८ ने भागा. ४ टक्के! साधी एफडी बरी. आणि पैसे दुप्पट होतील तेव्हा सासूबाई ९४ वर्षांच्या असतील. ज्यांचे पैसे, त्यांचंच वय बसत नाही म्हटल्यावर तिथेच फॉर्म परत द्यायला हवा होता. त्याऐवजी पॉलिसीवरचं नाव बदललं, आणि सासूबाईंचे पैसे त्यांच्या नावावरून गेले. उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं तर त्यांनी मुलाकडे मागायचे, आणि मुलाकडे तेव्हा हप्ता भरायचा असेल.

सुदैवाने कागदपत्रं नुकतीच आली आहेत. आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्याला फ्री लूक म्हणतात, आणि २०२४ पासून ही मुदत ३० दिवसांची आहे. स्टॅम्प ड्युटी, झाली असल्यास वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा खर्च कापून बाकी पैसे परत येतात. मिस्टरांच्या सहीचा अर्ज थेट विमा कंपनीकडे द्या, मेलही करा, पोच घ्या. बँकेतल्या मुलाला मध्ये घेऊ नका. तो 'मॅडम, एक वर्ष तरी चालू ठेवा' म्हणेल, चहा पाजेल, आणि तेवढ्यात तुमचे ३० दिवस निघून जातील. कंपनीने टाळाटाळ केली तर त्यांच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार आणि मग विमा लोकपाल.

पैसे मिस्टरांच्या खात्यात येतील. ते त्याच दिवशी आईच्या खात्यात जाऊ द्या. मग १० लाख त्यांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. सध्या दर ८.२ टक्के, म्हणजे दर तिमाहीला २०,५०० त्यांच्या हातात. उरलेले २ लाख एफडीत, कधीही मोडता येतील असे. बिल्डर भाड्याचे चेक थकवतात, हे गिरगावकरांना मी सांगायला नको.

आता बंब. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात अशा वस्तूंना शंभर वर्षांची अट आहे. तुमचा बंब साठीच्या आतला. नेटवरचे ४५,००० ही मागितलेली किंमत, कोणी दिलेली नव्हे. खात्री करायची तर शुक्रवार सोडून कधीही चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जा. एका दुकानात बंब विकत घ्यायचा म्हणून भाव विचारा. दोन दुकानं सोडून तसाच बंब विकायचा म्हणून विचारा. दुसऱ्या दुकानात वजनाचा काटा बाहेर येईल, मामांचं नाव त्यात धरलं जाणार नाही.

म्हणून विकू नका असंच म्हणेन. पण २,४०,००० चं काम आज मुळीच नको. नवं घर तीन वर्षांनी मिळणार, भिंतीचं माप हातात नाही, आणि क्रोकरी युनिट कोणत्या मापाने करायचं? तोवर ते सगळं भाड्याच्या घरात तुमच्याच पायात येणार. शिवाय बंबाला वायरसाठी भोक पाडलं की त्यात पाणी तापत नाही, आणि मोडीखेरीज दुसरा भाव येत नाही. आमच्याकडे असा एक 'लॅम्प' आहे. सहा महिन्यांत बल्ब गेला. नळीत हात जात नाही, त्यामुळे गेली चार वर्षं तो नुसताच उभा आहे.

घंगाळावर जाड गोल काच हवी असेल तर कोपऱ्यावरचा काचवाला कापून देईल, भोक पाडायचं काम नाही. पण तेही नव्या घरात. चिंचेने घासलेलं पितळ तसंच ठेवा, लॅकर मारून घेऊ नका. फडताळाला वाळवीचं औषध मात्र आत्ताच मारून घ्या, नाहीतर तीन वर्षांनी युनिट करायला लाकूड उरायचं नाही. ट्रंकेला खाली चाकं लावून आत हंडे आणि गाद्या भरल्या, वर सतरंजी टाकली की बसायचं स्टोरेज झालंच, चार चाकांच्या खर्चात. तेवढं आधी तिचं माप घ्या आणि भाड्याच्या इमारतीच्या लिफ्टचंही. चाळीचा जिना रुंद होता.