गोव्यातील मुंडकार व कूळ कायद्यांची मूळ विधेयके विद्यापीठाच्या ग्रंथालयातून कशी मिळवावीत?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात पीएचडी करताय, नेटवर मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) कायद्याची पीडीएफ मिळाली, पण 'मूळ कायदा १९७५ च्या गॅझेटमध्ये सापडत नाही'. हे वाक्य वाचून हातातला चहा बाजूला ठेवला. तीस वर्षांपूर्वी याच खड्ड्यात मी तीन दिवस पडून होते.

नाही सापडणार. कायद्याच्या नावात १९७५ आहे, क्रमांक मात्र १९७६ चा पहिला. विधेयक जुन्या वर्षाचं, संमतीची मोहोर नव्या वर्षातली. त्यामुळे नाव एका वर्षाचं आणि छापील कायदा दुसऱ्या वर्षाच्या खंडात.

मला हे कुणा प्राध्यापकाने सांगितलं नाही. आम्ही फोंड्याकडचे, पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर असलेले. गणेश चवथीला सगळं घर एकत्र जमलं की गणपतीवरची माटोळी बांधता बांधता थोरल्या काकांचं सुरू व्हायचं, 'हे छप्पर डोक्यावर आहे ते भाऊसाहेबांमुळे. मुंडकार कायदा भाऊंचा.' काका वकिलाकडे कारकून होते. कायद्याच्या बाबतीत त्यांच्यापुढे बोलायची घरात पद्धत नव्हती. मी नुकतीच एम.ए. झालेले, तोंड गप्प बसेना. म्हटलं, काका, भाऊसाहेब बांदोडकर, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, गेले १९७३ च्या ऑगस्टमध्ये, कायदा आला त्यानंतर, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना. काका म्हणाले, 'ताई म्हणजे भाऊंचीच मुलगी ना? आणि तू कधीपासून कायदा शिकलीस, मास्तरणी? कागद दाखव.'

झालं. नेवऱ्या तशाच ताटात राहिल्या.

पुढच्या सोमवारी कदंब बसने पणजी, तिथून ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाचं ग्रंथालय. १९७५ चे बांधीव गॅझेट मागवले. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. पानं चाळून बोटं काळी झाली, कायद्याचा पत्ता नाही. मनात आलं, काकांचंच खरं की काय. तिसऱ्या दिवशी खंड आणून देणारे गृहस्थ (नाव कधी विचारलंच नाही, आता वाईट वाटतं) माझी चिठ्ठी बघून म्हणाले, 'बाई, नाव काय बघता? नंबर बघा. नंबरापुढचं वर्ष कुठलं?' आणि १९७६ चा खंड टेबलावर ठेवला. तिथे होता. मी उभ्या उभ्या वाचला आणि झेरॉक्सला पळाले.

म्हणून तुम्हालाही तेच सांगते. आधी क्रमांक काढा, मग खंड मागा. कूळ कायदा १९६४ चा सातवा. 'कसेल त्याची जमीन' वाली पाचवी दुरुस्ती १९७६ ची सतरावी. विधेयकाचा क्रमांक आणि कायद्याचा क्रमांक वेगळे असतात, ते एक समजू नका. विधेयक हवं तर कायद्याच्या मागे जात जात गॅझेट उलटे चाळायचे. विधेयकाच्या शेवटी 'उद्देश व कारणांचे निवेदन' असतं, तुमच्या प्रबंधाला कामाचं तेच. नेटवरची पीडीएफ म्हणजे सगळ्या दुरुस्त्या पोटात घालून शांत झोपलेला कायदा. त्यावरून त्या वेळी सभागृहात काय मांडलं गेलं हे लिहिणं म्हणजे म्हाताऱ्याचा फोटो बघून त्याच्या बारशाचं वर्णन करणं. पीएचडीवाले सर्रास करतात.

चर्चा मात्र गॅझेटमध्ये शोधू नका. कामकाजाचे वृत्तांत वेगळे, त्यासाठी पर्वरीला विधिमंडळाच्या ग्रंथालयात मार्गदर्शकांचं पत्र घेऊन जावं. पाचव्या दुरुस्तीचं पुढे कोर्टात काय झालं, मग १९८४ च्या ४७व्या घटनादुरुस्तीने ती राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टात (कोर्टातल्या आव्हानापासून कायद्यांना संरक्षण देणारी यादी) कशी गेली, हे हवं असेल तर तो मजकूर दिल्लीचा, संसदेच्या चर्चांत. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा यावरच्या जनमत कौलाचंही तसंच: १९६६ चा तो कायदा संसदेचा, गोवा विधानसभेत त्याचं विधेयक शोधणारे मी पाहिलेत. मुक्तीपूर्वीचं सगळं पोर्तुगीज राजपत्रात. पोर्तुगीज वाचणारा कुणी हाताशी असेल तरच त्या वाटेला जा. पणजीत पाटोवरचं मध्यवर्ती ग्रंथालय जुन्या कागदांसाठी विद्यापीठापेक्षा मला बरं वाटतं, पण हे माझं मत.

आता खरं सांगते. त्या चवथीच्या पुढच्या चवथीला मी झेरॉक्स नेलं. सगळ्यांसमोर वाचलं, क्रमांक, वर्ष, सगळं. काका काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत राहिले. मी जिंकले.

पण मी शेवटचं पान नेलं नव्हतं. जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या कायद्याच्या शेवटी बहुधा 'निरसन व व्यावृत्ती' असं एक रटाळ कलम असतं, नव्या कायद्याने कुठला जुना कायदा मोडीत काढला ते त्यात लिहिलेलं असतं. लोक ते वाचत नाहीत. मी वाचलं होतं. तिथे १९७१ चा कायदा होता: मुंडकार, शेतमजूर आणि गावचे कारागीर यांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा. १९७१ मध्ये मुख्यमंत्री कोण? भाऊसाहेब. घर विकत घ्यायचा हक्क पुढच्या कायद्याने दिला, ते ताईंचं काम. पण 'छप्पर डोक्यावर राहिलं' हे काका म्हणत होते त्यात तथ्य होतं. १९७१ च्या कायद्याचंही झेरॉक्स मी काढलं होतं, आणि घरी कुणाला दाखवलं नाही.

तेव्हा ते कलम आधी वाचा, तुमचा अर्धा शोध तिथेच लागेल. १९७१ चा क्रमांक काढून मगच काउंटरवर जा.

हे सगळं जुन्या अनुभवावरून सांगितलंय. बाहेरच्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला आता काय कागद लागतात, झेरॉक्स देतात की फोटो काढू देतात, ते जाण्याआधी फोन करून विचारा. मी निवृत्त बाई, वकील नव्हे. खटल्यासाठी विचारत असाल तर हे उत्तर धरू नका.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा वकील आहे, इथे सगळ्यांची उत्तरं वाचतो आणि कुणालाच काही म्हणत नाही. बाबू, वाचत असशील तर १९७१ चं झेरॉक्स माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. चवथीला येशील तेव्हा घेऊन जा.