सेवेत सगळीकडून अडलं की देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीतल्या एका मंडळीने (चर्चने) तुम्हाला दोन वर्षांपूर्वी जत तालुक्याच्या पूर्व भागात सेवेला पाठवलं. पावसाळ्यात सभेला चाळीसेक माणसं यायची, आता डिसेंबरात आठ-दहा येतात. दोन महिने मंडळीकडून पैशाचं पाठबळ आलेलं नाही. घरचे ‘बास झालं, परत ये’ म्हणताहेत आणि प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाही. जो तो सांगतो, देवावर भरवसा ठेव. तो ठेवायचा कसा, एवढंच कुणी सांगत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुम्ही लिहिलेल्या चार अडचणींपैकी भरवशाची अडचण फार तर दीड आहे. उरलेल्या अडीच झोपेच्या, हिशेबाच्या आणि ऊसतोडीच्या हंगामाच्या आहेत. त्या भरवशाच्या खात्यावर टाकल्या की माणूस उपास-प्रार्थना वाढवत जातो, काही हलत नाही, आणि शेवटी ‘माझाच विश्वास कमी’ असं धरून बसतो. सेवा सोडून गेलेल्या कित्येकांचं कारण शोधलं तर ते इथेच सापडतं.

तेव्हा पहिलं काम वाटणीचं. शंभर पानी वही घ्या, पानावर चार खाने आखा: शरीर, पैसा, माणसं, देव. रात्री झोपण्याआधी जास्तीत जास्त तीन ओळी, असं दोन आठवडे. नियम एकच: जी अडचण उद्या सकाळी हातपाय हलवून थोडी तरी सरकवता येईल, ती देवाच्या खान्यात लिहायची नाही. ‘प्रार्थनेत मन लागत नाही’ हे वरवर देवाच्या खान्यातलं वाटतं. पण त्याच दिवशी मोटारसायकलवर साठ किलोमीटर झाले असतील आणि जेवण म्हणून स्टँडवरचे दोन वडापाव पोटात असतील, तर ते मुकाट्याने शरीराच्या खान्यात टाका. दोन आठवड्यांनी चौथा खाना बराच मोकळा दिसेल. जे उरेल ते खरंच तिथलं.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट (बायबल, १ राजे १९) आपण सगळ्यांनी पन्नासदा ऐकलेली असते, पण तिचा क्रम लक्षात राहत नाही. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला, ईजबेल राणीची धमकी आली आणि हा माणूस रतामाच्या झुडपाखाली आडवा होऊन ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला. तिथे त्याला कुणी उपदेश केलेला नाही. आधी झोप, मग निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी, परत झोप, परत भाकर. त्यानंतर चाळीस दिवसांची वाट. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्या वाटेच्या शेवटी येतो. आपल्याकडे पाळकसुद्धा हा प्रश्न पहिल्या फोनलाच विचारतात.

म्हणून शरीराचं आधी. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी. रविवारी तुमचं काम असतं, तेव्हा सोमवार धरा. त्या दिवशी भेटी नाहीत, फोनवर प्रार्थना नाही. थकवा, हातापायाला मुंग्या, विनाकारण उदासी असं काही असेल तर मिरजेला किंवा जतलाच रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर. बी-१२ कमी असलेला माणूस आध्यात्मिक कोरडेपणावर महिनोन्‌महिने संदेश ऐकत राहतो, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. जगणं नको असे विचार येत असतील तर आजच १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर बोला. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्याने देवाचा अपमान होत नाही.

आता आठ-दहा माणसांचं. जत, आटपाडी, माण, खटाव, सगळीकडचं चित्र सारखंच. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी टोळीबरोबर निघतात आणि साधारण होळी-पाडव्याच्या सुमाराला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे घरातली दोन्ही कर्ती माणसं एकदम जातात. पत्र्याच्या शेडात सतरंजीवर डिसेंबरात कोण उरतं ते बघा: दोन म्हाताऱ्या, एखादे आजोबा, त्यांच्याकडे शाळेसाठी ठेवलेली नातवंडं. ही गळती तुमच्या प्रार्थनेमुळे झाली नाही आणि उपासाने भरूनही येणार नाही.

करता येण्यासारखं मात्र बरंच आहे. टोळ्या निघण्याआधी नाव, फोन, मुकादम आणि कारखाना एवढं टिपून ठेवायचं. यंदा राहिलं असेल तर त्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना सगळं पाठ असतं. मग महिन्यातून एक फेरी कृष्णाकाठच्या पालांवर. तिथे रविवारी सकाळी दहाची सभा लावायला जाऊ नका. तोड पहाटे अंधारात सुरू होते, गाडी भरायला कधी रात्र होते आणि रविवारची सुट्टी नसते. संध्याकाळी चूल पेटल्यावर अर्धा तास बसा, लेकरांची खुशाली सांगा, म्हाताऱ्या आईचा निरोप द्या. प्रार्थना मागितली तर करा. गावात उरलेल्या आठ जणांसाठी याच चार महिन्यांत एकेकाच्या घरी निवांत बसता येतं. चाळीस जण असताना ते जमत नाही.

आकड्यांबद्दल एवढंच सांगतो: अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. हॉल १८२६ मध्ये प्रवासात पटकीने वारले, तोवर बाप्तिस्मा घेतलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच होती.

पैशाचं जरा सविस्तर, कारण भरवसा आणि हिशेब यांचं वैर आहे हा समज आपल्या मंडळ्यांत खोल मुरलाय. प्रेषित पौलाला तो मान्य नव्हता. यरुशलेमच्या मदतीची रक्कम नेताना कुणी बोट दाखवू नये म्हणून त्याने बरोबर भरवशाची माणसं घेतली (२ करिंथ ८), आणि करिंथात राहुट्या शिवून पोट भरलं (प्रेषितांची कृत्ये १८). तुम्ही शिकवण्या घेतल्या किंवा वायरिंगची कामं केली म्हणून पाचारण पातळ होत नाही.

पाठबळ थांबलं की आधी खजिनदाराला लेखी विचारा: रक्कम किती ठरली होती, कोणत्या तारखेला निघते, उशीर झाला तर कळवणार कोण. कारण बहुतेक वेळा अगदी रटाळ असतं. कमिटी बदलली आणि बँकेत सह्या बदलायच्या राहिल्या, किंवा देणाऱ्या दोन घरांत लग्न निघालं. सैतानाचा हल्ला म्हणून प्रार्थनासाखळी लावण्याआधी एवढी चौकशी झालेली बरी.

घरखर्च आणि सेवेचा खर्च यांच्या वह्या वेगळ्या ठेवा. भाडं, किराणा, गॅस, औषध एका वहीत. पेट्रोल, पुस्तकं, सभेचा चहा दुसऱ्या. एकत्र असलं की पेट्रोल किराणा खातं आणि घरात भांडण होतं. अर्पण दोघांनी मोजून दोघांच्या सह्या. ज्यांच्यात सेवा करता त्यांच्याकडून उसनं घ्यायचं नाही, पाचशेसुद्धा नाही. पुढच्या रविवारी तो माणूस समोर बसला की तुमची नजर आधी खाली जाते. तीन महिन्यांची शिल्लक हवी, पण दरमहा दहावा भाग बाजूला टाकला तरी ती व्हायला अडीच वर्षं लागतात. म्हणून एका महिन्याची रक्कम अनामत ठेवा, असं मंडळीला तुम्हीच सुचवा.

आणि अडचणीच्या महिन्यात हमखास होणारी एक चूक: परदेशातला ओळखीचा विश्वासी सेवेसाठी म्हणून थेट तुमच्या खात्यावर पैसे पाठवायला तयार होतो. ते घेऊ नका. परदेशी देणगीचा कायदा २०१० चा आहे आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर फारच कडक झालाय. नोंदणी असलेल्या संस्थेलाही ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते आणि पुढे दुसऱ्या कुणाला देता येत नाही. ‘देवाने दार उघडलं’ म्हणून हे पैसे घेतले की पुढची वर्षं कागद दाखवण्यात जातात, आणि झळ सगळ्या मंडळीला बसते.

मान्नाचा, म्हणजे रानात रोज देवाकडून मिळणाऱ्या अन्नाचा अध्याय (निर्गम १६) शिलकीविरुद्ध वापरतात, तो नीट वाचा. सकाळपर्यंत ठेवलेल्यात किडे पडले हे खरं, पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून ठेवलेलं नासलं नाही. आणि रोज गोळा करायला तंबूबाहेर पडावंच लागायचं. भरवशाचं माप तिथे एका दिवसाचं आहे. ‘पुढची दहा वर्षं देव सांभाळेल ना’ याचं उत्तर आज मनात मिळत नसेल तर नसू दे. आजच्या रात्रीपुरतं विचारा.

आता चौथा खाना. शब्द फुटत नाहीत त्याचं एक कारण असं असतं की सुचणारे शब्द प्रार्थनेत चालत नाहीत असं आपल्याला वाटतं. दीडशे स्तोत्रांत सगळ्यांत जास्त भरणा विलापाच्या स्तोत्रांचा आहे. तेरावं स्तोत्र घ्या. सहाच वचनं. पहिल्या दोनांत ‘कोठवर’ चार वेळा येतं, मग मागणी, आणि पाचव्या वचनात कुठे भरवसा. हाच साचा वापरून लिहा: एका ओळीत हाक, दोन-तीन ओळींत तक्रार, नावानिशी आणि आकड्यानिशी; मग झाली की नाही ते तपासता येईल अशी एक मागणी; शेवटची ओळ जमली तर. म्हणजे असं काहीतरी:

‘प्रभू, गॅस परवा संपला. दोन महिने खजिनदार फोन उचलत नाही आणि तूही. ज्यांच्यासाठी आलो ते कारखान्यावर गेले, मी रिकाम्या सतरंजीकडे बघत बसतो. येत्या शनिवारपर्यंत भाड्याचं काहीतरी कर. तू ऐकतोस असं आज वाटत नाही, तरी तुलाच सांगतोय.’

ती शेवटची ओळ म्हणजे भरवसा. मन भरून आलेलं असणं ही वेगळी गोष्ट, ती कधी येते कधी नाही. शेवटची ओळ सुचलीच नाही तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा; ते अंधारातच संपतं आणि तरी पवित्र शास्त्रात आहे. पौलानेही आशियात आपण जगण्याची आशा सोडली होती हे करिंथकरांना लिहून कळवलं, लपवलं नाही.

मागणीसमोर तारीख टाका आणि नंतर तीनपैकी एक शेरा: झालं, नाही झालं, वेगळंच झालं. ‘नाही झालं’ खोडायचं नाही. फक्त झालेल्याच गोष्टी टिपणाऱ्याची वही पुढे साक्षीला छान दिसते, पण वाईट रात्री ती उघडली की तिच्यावर मालकाचाच विश्वास बसत नाही. तिन्ही शेरे असलेली वही सहा महिन्यांनी सलग वाचा. ‘वेगळंच झालं’च्या ओळी तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त असतात.

मंडळीला जाणाऱ्या मासिक पत्रातही तेच. ‘प्रभूच्या कृपेने कार्य जोमाने सुरू आहे’ असं लिहून पाठवलं की सांगलीतली मंडळी निश्चिंत होते आणि तुम्ही आणखी एकटे पडता. ‘सभेला नऊ जण, बाकी तोडीला गेले, दोन महिने रक्कम नाही, मी थकलोय’ एवढं लिहायला तीन ओळी पुरतात. गावकऱ्यांची नावं, आजार, फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका. सगळं खरं माहीत असलेली दोन-तीन माणसं ठेवा, त्यातला एक जण तुमच्या मंडळीबाहेरचा.

घरच्यांचं तुम्ही एका ओळीत उरकलंय, पण ते तेवढं सोपं नाही. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला, याचं आपल्याला फार कौतुक. त्यांच्या मोकळ्या हाताची किंमत घरात कुणी मोजली ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रात वाचावं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. पाच वर्षं लागली. तुम्ही देवावर टाकलेला भार प्रत्यक्षात आई किंवा बायको उचलत असेल, तर त्याला भरवसा म्हणता येत नाही. खर्चाची वही घेऊन घरी जा, दोन्ही महिन्यांचे आकडे त्यांच्यापुढे ठेवा, आणि त्यांना किती महिने थांबवेल ते विचारा. त्यांनी सांगितलेला आकडा वहीत लिहा.

परत जायचं की राहायचं हे आत्ता ठरवू नका. रिकामा खिसा, रिकामी सभा आणि अपुरी झोप असताना घेतलेला निर्णय कुठलाही असो, तो थकव्याने घेतलेला असतो. पाडव्यानंतर तीन आठवड्यांची एक तारीख धरा. तोवर टोळ्या परतलेल्या असतील, रक्ताचा रिपोर्ट हातात असेल, खजिनदाराचं उत्तर आलं की नाही तेही कळलेलं असेल. त्या दिवशी मंडळीतले दोघे, घरचं एक माणूस आणि ती वही एवढं घेऊन बसा, आणि सभेला किती आले ते त्याच्या आदल्या रविवारी मोजा, डिसेंबरात मोजू नका.