अरब राण्यांवर पीएच.डी. करून पुढे काय?

प्रश्न : माझी मुलगी साताऱ्यात टी. वाय. बी. ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. जॉर्डनच्या राणी रानिया, कतारच्या शेखा मोझा यांच्या मुलाखती ती तासन्‌तास ऐकते. अरब राजांच्या पत्नींवर पीएच.डी. करायची म्हणते. तिचे बाबा म्हणतात, हा छंद झाला, करिअर नव्हे. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, विषय चांगला आहे. अडचण आहे भाषेची, आणि तिची तयारी आत्ताच सुरू करता येईल.

आधी विषयाचं सांगतो, कारण तिच्या बाबांना तो पोशाख-दागिन्यांचा वाटत असावा. मोरोक्कोत हसन दुसरे यांच्या काळात राजाची पत्नी लोकांसमोर येतच नसे. 2002 मध्ये त्यांचे पुत्र, राजे महंमद सहावे यांनी संगणक अभियंता असलेल्या सलमा बेन्नानी यांच्याशी लग्न केलं, तेव्हा त्यांचे फोटो प्रसिद्ध झाले, त्यांना राजकन्येचा किताब मिळाला. 2005 मध्ये त्यांनी कर्करोगाशी लढणारी संस्था काढली. 2018 पासून मात्र त्या सरकारी समारंभांत दिसेनाशा झाल्या. त्या स्थानामागे कायदा नव्हता, राजाची मर्जी होती.

याच्या अगदी उलट चित्र अबू धाबीत दिसतं. संयुक्त अरब अमिरातीचे संस्थापक शेख झायेद यांच्या पत्नी शेखा फातिमा यांचा फोटो वर्तमानपत्रांत छापत नाहीत, पण 1975 पासून देशाची महिला संघटना त्यांच्याच नेतृत्वाखाली चालते. सौदीत पुढे राजे झालेल्या फैझल यांच्या पत्नी इफ्फत यांनी 1955 मध्ये जेद्दात मुलींची शाळा काढली. सरकारी शाळा मुलींसाठी 1960 मध्ये आल्या. म्हणजे लोकांना दिसणं वेगळं आणि वजन असणं वेगळं. कतारचे तेव्हाचे अमीर (राजे) हमद यांच्या पत्नी एकीहून जास्त, पण 1995च्या कतार फाउंडेशनपासून जगापुढे आल्या त्या एकट्या मोझा. एकीलाच ही मुभा का मिळाली, संस्थेला पैसा कुणाचा, हिशेब कुणाला द्यायचा? मुलीने मुलाखती ऐकताना हे प्रश्न वहीत लिहावेत. प्रबंध त्यातून उभा राहील.

मराठी मुलीला तुलनेसाठी एक उदाहरण घरातच आहे. 1927 मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या.

आता भाषा. या राण्या परदेशी वाहिन्यांशी इंग्रजीत बोलतात, पण त्यांच्याबद्दल त्यांच्या देशात काय लिहिलं जातं, ते अरबीत. अरबी वर्तमानपत्र नीट वाचता यायला दोन-तीन वर्षं नेमाने अभ्यास लागतो, म्हणून पदवीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. मुंबई विद्यापीठात अरबी विभाग आहे, तिथे चौकशी करा.

एम. ए.साठी दिल्लीचं जेएनयू, जामिया मिलिया आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठ हे माझे पहिले तीन पर्याय. तिन्हीकडे पश्चिम आशियाचा स्वतंत्र अभ्यास होतो. जेएनयूला सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, बाकी दोन्हींची चालू वर्षाची पद्धत त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. पुढे नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये मिळतात, तेव्हा पीएच.डी.चा भार तुमच्यावर पडणार नाही.

बाबांच्या शंकेत तथ्य आहे, ते नाकारत नाही. ‘राण्यांची अभ्यासक’ अशी नोकरी नसते. पण अरबी येणाऱ्या, आखाती राजकारण समजणाऱ्या व्यक्तीला प्राध्यापकी, धोरणसंशोधन संस्था, पत्रकारिता, भाषांतर अशा वाटा आहेत. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांना अरब रुग्णांसाठी दुभाषी लागतात. यूपीएससी देऊन परराष्ट्र सेवेत गेली तर तिथेही अरबी उपयोगी पडते.

तोवर तिला एक काम द्या. वरच्यांपैकी एकीच्या संस्थेवर तिने दोन पानं लिहावीत, त्यात कपड्यांचा उल्लेख नको. ती बाबांना वाचायला द्या आणि मलाही पाठवा.