वाचकांचे प्रश्न : शेजाऱ्यांना कचरा वेगळा करायला कसे पटवावे?

प्रश्न : पणजीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेत आम्ही ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे स्वतंत्र डबे ठेवले, जिन्यात फलक लावले, पत्रके वाटली, तरीही अनेक घरांतून सगळा कचरा एकाच पिशवीत येतो. ‘पुढे सगळे एकत्रच होते, मग आम्ही कशाला वेगळे करायचे?’ असे काही रहिवासी विचारतात. त्यांना काय सांगावे? (संस्थेचे सचिव, पणजी)

उत्तर : आधी या शंकेचेच उत्तर द्यायला हवे, कारण ती मनात असेपर्यंत फलक कितीही मोठा केला तरी कोणी तो मनावर घेणार नाही. बार्देश तालुक्यातील साळगावच्या पठारावर 2016 साली सुरू झालेल्या कचरा प्रक्रिया प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून जैववायू आणि त्या वायूपासून वीज तयार होते, तर मागे उरणाऱ्या चोथ्याचे खत करता येते. हे काम करणाऱ्या जिवाणूंना फक्त कुजणारे पदार्थ चालतात. त्यांत प्लास्टिक, काच आणि चिंध्या मिसळून आल्या, तर त्या आधी बाजूला काढाव्या लागतात आणि तरीही बारीक तुकडे खतात उतरतातच. मिश्र कचरा नुसता साठत गेला तर काय होते, हे मडगावजवळच्या सोनसोडो येथील कचरा डेपोने दाखवून दिले आहे. तिथे वर्षानुवर्षे वाढलेल्या ढिगाऱ्याला मे 2019 मध्ये मोठी आग लागली होती. अशा ढिगाऱ्याच्या पोटात हवा पोचत नाही, त्यामुळे ओला कचरा कुजताना मिथेन वायू सुटतो. एकदा ठिणगी पडली की हा वायू आणि भोवतालचे प्लास्टिक मिळून आग आतल्या आत धुमसत ठेवतात.

रहिवाशांच्या बैठकीत या माहितीबरोबर दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या दाखवाव्यात, असे मी सुचवेन. एक पिशवी कोपरा पूर्ण न तोडता कापलेली, विसळून वाळवलेली असावी आणि दुसरी मिश्र कचऱ्यातून काढलेली, हुमणाने (माशांच्या आमटीने) माखलेली. पहिली भंगारवाला आनंदाने नेईल, दुसरीला तो हातही लावणार नाही. प्लास्टिक तेच असले, तरी दुसऱ्या पिशवीचा शेवट बहुतेक वेळा सिमेंटच्या भट्टीत किंवा ढिगाऱ्यावर होतो. कचऱ्याचे मोल पालिकेची गाडी दाराशी येण्याआधी, स्वयंपाकघरातच ठरते, आणि ते एकदा डोळ्यांनी पाहिले की माणसे सहसा विसरत नाहीत.

यापुढचे काम पत्रकांनी होण्यासारखे नाही. पणजीने 2003 साली रस्त्यावरच्या कचराकुंड्या हटवण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हाही घरोघरी जाऊन बोलल्यावाचून लोकांची सवय बदलली नाही. सुरुवातीचे काही दिवस कचरा देण्याच्या वेळी समितीतील एकाने डब्याजवळ थांबावे, मिश्र पिशवी आली तर ती शांतपणे परत द्यावी आणि काय काढायचे ते तिथेच दाखवावे. घरातला कचरा प्रत्यक्षात कोण बाहेर आणून ठेवते, हेही पाहावे. पुष्कळ घरांत ते काम घरकामाला येणारी बाई करते, आणि तिची भाषा कन्नड असेल, तर मराठी, कोकणी किंवा इंग्रजी पत्रक तिच्यापर्यंत पोचतच नाही. तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारी व्यक्ती शोधावी आणि तिला मानाने समजावून सांगावे. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या सदनिकांबाबत मात्र मालकालाच जबाबदार धरावे; चार दिवसांच्या पाहुण्याला दर वेळी नव्याने शिकवणे कोणत्याही समितीला झेपणारे नाही.

वेगळा दिलेला कचरा गाडीत खरोखरच एकत्र होत असल्याचे दिसले, तर तारीख आणि वेळ नोंदवून, सर्व रहिवाशांच्या सह्यांचे पत्र नगरसेवक व महानगरपालिका या दोघांनाही द्यावे. तोवर घरातले वर्गीकरण थांबवू नये, कारण मिश्र कचरा देणाऱ्यांच्या तक्रारीला वजन राहत नाही.

प्रश्न : आम्ही गॅलरीत खताचा डबा ठेवला आहे. उन्हाळ्यात सगळे ठीक होते. पण पाऊस सुरू झाल्यापासून वास येतो, अळ्याही झाल्या आहेत. घरात रोज मासळी असते. डबा बंद करावा का? (गृहिणी, फोंडा)

उत्तर : डबा बंद करू नका, त्यात कोरडे पदार्थ वाढवा. भाज्यांची देठे, उरलेला भात आणि मासळी यांत पाणी व नत्र भरपूर असते. त्याच्या जोडीला सुका पालापाचोळा किंवा काथ्याचा भुसा पडला नाही, तर आतली हवा संपते आणि कुजण्याची क्रिया वास सोडू लागते. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतच एवढा दमटपणा असतो की डबा आपोआप वाळत नाही. म्हणून मे महिन्यातच एक पोते सुकी पाने भरून कोरड्या जागी ठेवावे. ओला कचरा टाकताना प्रत्येक वेळी त्यावर निदान तेवढ्याच मापाचा कोरडा थर द्यावा आणि दोन-तीन दिवसांनी मिश्रण खालीवर करावे. मूठभर मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांतून पाणी गळू लागले, तर ते अजून फार ओले आहे. हात नुसता ओलसर झाला, तर प्रमाण योग्य आहे.

मासळीची खवले, आतडी आणि सुंगटांची (कोळंबीची) साले डब्याच्या मध्यभागी गाडावीत, कडेला किंवा वर राहू देऊ नयेत. एरवी डब्यात दिसणाऱ्या जाड, करड्या अळ्या अपायकारक नसतात. उलट त्या कचरा झपाट्याने फस्त करतात, आणि कोरडा थर वाढला की त्यांची संख्या आपोआप घटते. तिसऱ्या या शिंपलेवाल्या मासळीच्या शिंपल्या मात्र कुजत नाहीत. त्या धुऊन वेगळ्या ठेवाव्यात. नारळाच्या करवंट्याही डब्यात टाकू नयेत, आणि अंगणात उघड्या तर मुळीच ठेवू नयेत, कारण साचलेल्या पावसाच्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची पैदास होते. चवथीनंतर माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, फळे आणि पाने थोडी थोडी करून या डब्यात घालता येतील. त्याआधी दोरे, तारा आणि प्लास्टिकची सजावट काढून टाकावी.

प्रश्न : बाळाचे डायपर, फुटलेले बल्ब आणि मुदत संपलेली औषधे कोणत्या डब्यात टाकावीत? (वाचक, म्हापसा)

उत्तर : ओल्या आणि सुक्या, दोन्ही डब्यांबाहेर. 2016 च्या घनकचरा नियमांनी बल्ब, औषधे, बॅटऱ्या, रंगांचे डबे अशा वस्तूंचा घरगुती घातक कचरा हा स्वतंत्र गट केला होता. तो वेगळ्या खोक्यात साठवून गाडीवरील कामगाराला सांगून द्यावा. सीएफएल दिव्यात पारा असतो, त्यामुळे फुटलेला दिवा उघड्या हाताने उचलू नये. खिडक्या उघडून तुकडे जाड कागदाने गोळा करावेत आणि झाकणाच्या बरणीत ठेवावेत. डायपर व सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, वरून खूण करून वेगळे द्यावेत. ती पुरचुंडी उघडण्याची वेळ गाडीवरच्या कामगारावर येऊ नये, यासाठी तांबड्या शाईचा एक ठिपका पुरतो. यांपैकी काहीही घराच्या आवारात जाळू नये. क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात आणि तो धूर सर्वांत आधी आपल्याच घरात शिरतो.